भिंतीवरचं चीवर

समृद्धी महामार्गाचा शून्य किलोमीटर आमच्या हिंगणा तालुक्यात आहे, शिवमडक्याला. तिथून सकाळी गाडी वर चढवली की वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना असे जिल्हे मागे टाकत माणूस दुपारी सावंगीला उतरतो आणि फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव, घाट असं करत ऊन कलायच्या सुमाराला फर्दापुरात पोचतो. पूर्वी आमच्याकडून अजिंठ्याला जायचं म्हणजे रात्रीच्या गाडीने जळगाव गाठायचं आणि पुढे एसटी धरायची. आता लेण्यांचा रस्ता आमच्याच तालुक्यातून सुरू होतो.

अजिंठा मी आधी पाहिला होता, सगळे पाहतात तसा. पद्मपाणीसमोर थांबायचं, छतावरची कमळं पाहायची, गर्दीच्या रेट्याबरोबर पुढच्या लेण्यात शिरायचं. या वेळी एकच गोष्ट पाहायची असं ठरवून निघाले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारांनी बुद्धांचं आणि भिक्खूंचं चीवर कोणत्या रंगात रंगवलं, आणि तोच रंग का घेतला?

नागपूरच्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर कुशिनाऱ्याच्या भदन्त चंद्रमणी महास्थवीरांकडून धम्मदीक्षा घेतली, आणि तेव्हापासून चीवर हे आमच्या रोजच्या पाहण्यातलं वस्त्र झालं. हिंगणा रोडवरच्या कामगार वस्त्यांतल्या विहारांत ते दिसतं, कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमध्ये दिसतं, लोकमान्य नगरहून सुटणाऱ्या मेट्रोतही दिसतं. पण त्याचा रंग काही एक नाही. चंद्रमणी मूळचे आराकानचे, म्हणजे ब्रह्मदेशाकडचे. त्या परंपरेतलं चीवर गडद, तपकिरीकडे झुकणारं लाल असतं. श्रीलंका आणि थायलंडच्या परंपरेतलं नारिंगी, केशरी, कधी मधासारखं पिवळट. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर हे सगळे रंग एका ओळीत उभे असतात आणि समोर पांढऱ्या कपड्यांतल्या उपासक-उपासिकांचा समुद्र असतो.

सोबतीला आमच्याकडच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले सर होते. त्यांनी निघण्यापूर्वी एक काम करून ठेवलं होतं. पिवडी, म्हणजे पिवळी माती, आणली आणि तिचे तीन वाटे केले. एक कच्चा ठेवला, एक तव्यावर अर्धवट भाजला, एक पुरता भाजला. पिवडी भाजली की तिच्यातलं पाणी उडतं आणि ती तांबडी होत जाते. पुरती भाजली की गेरूच. हे तिन्ही रंग, शिवाय बाजारचा गेरू, काजळी आणि चुना, असे पट्टे त्यांनी डिंकात कालवून वहीच्या एका पानावर ओढले होते. "आपला डोळा परवा काय पाहिलं ते आज विसरते जी," ते म्हणाले. "कागद जवळ असला की बरं."

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही जवळच्या विहारात गेलो. भंते चीवर दोरीवरून उतरवत होते. टेरिकॉटचं होतं, गडद विटकरी.

"भंतेजी, हा रंग कोण ठरवतं?"

"दायक देतात ते आम्ही घेतो," ते म्हणाले. "बाजारात मिळतं ते दायक आणतात. पण काय चालत नाही ते विनयात सांगितलं आहे. निव्वळ निळं चालत नाही, निव्वळ पिवळं नाही, निव्वळ लाल नाही, निव्वळ काळंही नाही."

मग त्यांनी चीवराचं एक टोक हातात धरून आम्हाला दाखवलं. कोपऱ्यात तीन बारीक काळपट ठिपके होते, पेनाने दिल्यासारखे. नवं चीवर अंगावर घेण्याआधी ते असं डागाळून घ्यावं लागतं. निळसर काळा, चिखलाचा किंवा गडद तपकिरी, यांपैकी एखाद्या रंगाचा डाग. भिक्खूच्या पातिमोक्खात, म्हणजे नियमांच्या यादीत, याचा स्वतंत्र नियम आहे. वस्त्र कोरं करकरीत, डागविरहित राहू नये एवढीच त्याची मागणी. इतकी वर्षं चीवर पाहूनही हे ठिपके माझ्या नजरेला कधी आले नव्हते.

विनयातल्या महावग्गात चीवराचा एक अख्खा खंड आहे. त्यातली रंगाईची हकीकत मला फार जिवंत वाटते. सुरुवातीला भिक्खू शेणाने आणि पिवळ्या मातीने चीवर रंगवत, आणि ती चीवरं वाईट दिसत. तेव्हा बुद्धांनी सहा प्रकारचे रंग मान्य केले: मुळांचे, खोडाचे, सालीचे, पानांचे, फुलांचे आणि फळांचे. कच्च्या रंगाला वास यायचा, म्हणून तो उकळायची परवानगी आली. उकळला की नाही हे कळायला थेंब पाण्यात सोडून किंवा नखावर टाकून पाहायचं. चीवर वाळत घालताना रंग एकाच कडेला ओघळू नये म्हणून ते उलटपालट करत राहायचं. एवढा बारीक तपशील कुणी तरी प्रत्यक्ष हात रंगवून घेतल्याशिवाय लिहिला जात नाही.

यातला एक मुद्दा मी मनात धरून ठेवला. पिवळी माती कापडासाठी नाकारली गेली होती.

फाल्गुन संपत आला होता. समृद्धीच्या दोन्ही बाजूंना, वर्ध्याच्या पुढे, पळस पेटले होते. विदर्भातल्या माणसाला काषाय, म्हणजे चीवराचा रंग समजावून सांगायला वेगळं काही लागत नाही. पळसाच्या फुलांचा पिवळा-केशरी काढा, बाभळीच्या सालीचा तपकिरी, खैराचा काताळ लालसर, हिरड्याचा मातकट पिवळा, हे सगळं आपल्याच रानात आहे. फुलं, साल, खोड, फळ, विनयातल्या यादीचे हे चार प्रकार इथेच भरतात. थायलंडच्या अरण्यवासी परंपरेतले भिक्खू फणसाच्या गाभ्याचं लाकूड उकळून रंग काढतात. प्रत्येक मुलखाने आपापल्या झाडांतून आपापलं चीवर काढलं. आज दिसणाऱ्या छटांच्या फरकाचं बरंचसं मूळ मला या झाडांच्या फरकात दिसतं.

महामार्ग जमिनीपेक्षा उंचावरून जातो, त्यामुळे खाली शेतांची आखणी नीट दिसते. धुरे, मध्ये पट्टे, पुन्हा आडवे धुरे. महावग्गातच सांगितलंय की बुद्धांनी मगधातली अशीच आखलेली भातशेतं आनंदाला दाखवली आणि तशा बांधणीचं चीवर करता येईल का असं विचारलं. आनंदाने तुकडे जोडून ते केलं. कापून जोडलेल्या कापडाला बाजारात मोल राहत नाही आणि चोराला त्याचा मोह होत नाही, हा त्यातला हेतू. रंगाचाही हेतू तोच. वस्त्राचं मोल उतरवायचं.

कारंजा आणि शेलूबाजारच्या बाजूने वाशीम जिल्हा लागतो. शहर रस्त्यापासून आत आहे, पण नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसरी शाखा आमच्या रामटेकजवळच्या नंदिवर्धनची, आजच्या नगरधनची. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याचा लेख वत्सगुल्म शाखेच्या हरिषेण राजाच्या वराहदेव या मंत्र्याचा आहे. सतरावं लेणं त्याच राजाच्या एका मांडलिकाने कोरवून घेतलं. म्हणजे अजिंठ्याच्या सर्वांत देखण्या भिंतींमागची सत्ता या रस्त्याच्या कडेची, वऱ्हाडातली आहे. शाळेत आम्हाला अजिंठा औरंगाबादचा म्हणून शिकवला. वऱ्हाडाशी त्याचं नातं आहे हे कुणी सांगितलं नाही, याची मला खंत आहे.

फर्दापूरच्या फाट्यावर खाजगी गाड्या थांबतात आणि लेण्यांपर्यंत बस नेते. सोमवारी लेणी बंद असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने आम्ही गेलो. वाघोरा नदी कोरडी होती. सरांचा आग्रह होता की क्रमाने पाहायचं नाही, काळाप्रमाणे पाहायचं. म्हणून पहिलं, दुसरं ओलांडून आधी थेट दहाव्यात गेलो.

दहावं लेणं सातवाहन काळातलं चैत्यगृह आहे. २८ एप्रिल १८१९ला शिकारीला आलेला जॉन स्मिथ हा मद्रासच्या घोडदळातला अधिकारी याच लेण्यात आला आणि खांबावरच्या चित्रावर आपलं नाव कोरून गेला. डाव्या भिंतीवर सर्वांत जुनी चित्रं आहेत, इसवी सनापूर्वीची. राजा परिवारासह बोधिवृक्षाची, स्तूपाची पूजा करतोय. फेटे आहेत, दागिने आहेत, स्त्रियांचे केशसंभार आहेत. पण बुद्ध माणसाच्या रूपात नाहीत, त्यामुळे त्यांचं चीवरही नाही. त्या काळच्या चित्रकाराला बुद्धांच्या वस्त्राला रंग द्यायची वेळच आली नाही.

मग मान वळवून खांबांकडे पाहिलं की पाच-सहाशे वर्षं ओलांडली जातात. त्याच लेण्याच्या अष्टकोनी खांबांवर पाचव्या शतकात बुद्ध रंगवले गेले. उभे, बसलेले, डोक्यामागे प्रभावळ, वर छत्र. इथे चीवर पहिल्यांदा भेटतं, आणि एकाच रंगात भेटत नाही. कुठे विटकरी-तांबूस, कुठे पिवळट, कुठे पांढुरकं, इतकं पातळ की खालचं अंग रेषेने दिसावं. काहींच्या चीवराला गळ्यापासून पायांपर्यंत वाटोळ्या चुण्या आहेत, गांधारच्या मूर्तींची आठवण करून देणाऱ्या. चुणीची रेघ चीवराच्या रंगापेक्षा एक पायरी गडद. काळी नाही. सर बराच वेळ त्या रेघांकडेच पाहत होते. "हे हात थांबवून काढलेलं नाही," ते म्हणाले. "खांद्यावरून सोडली ती रेघ घोट्यापर्यंत एका दमात आली आहे."

यातली बरीच चित्रं कुणी दिली हे खालच्या बारीक अक्षरांतून कळतं. दहाव्या लेण्यात, नवव्यात, दुसऱ्यातही असे छोटे दानलेख आहेत आणि त्यांत दाता म्हणून 'शाक्यभिक्षु' येतो. म्हणजे चीवर रंगवून घेणारा स्वतः चीवर नेसणारा होता. त्याला आपल्या वस्त्राचा रंग ठाऊक होता. रोज धुऊन तो दोरीवर टाकत होता. चित्रकारही परका नसणार. काम चालू असताना समोर, शेजारच्या विहारात, दरडीवरच्या पायवाटेवर तो चीवरं पाहत होता. तरीही भिंतीवर त्याने तीन-चार रंग वापरले, आणि ते पाहून दात्याने काम नाकारलं नाही.

याचा अर्थ लावताना मी घाई करणार नाही. एक शक्यता निकायांची, म्हणजे भिक्खूंच्या वेगवेगळ्या पंथांची, आहे. चिनी भाषेत उतरलेल्या जुन्या विनयसाहित्यात निकायागणिक चीवराचे रंग सांगणाऱ्या याद्या आहेत. कुणाचं पिवळं, कुणाचं तांबडं, कुणाचं काळं, कुणाचं निळं. पण त्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि अजिंठ्याच्या एकाच खांबावर शेजारीशेजारी बदलणारा रंग त्यांनी उलगडत नाही. मला दुसरं कारण जास्त पटतं, आणि ते दुसऱ्या लेण्यात नीट दिसतं. तिथे गाभाऱ्याकडच्या भिंतींवर बुद्धांच्या ओळींमागून ओळी आहेत, सहस्रबुद्ध म्हणतात तशा. सगळे बसलेले, सगळे सारख्याच आकाराचे. ही भिंत एका चीवराने भरली असती तर गेरूचा सपाट पट्टा झाली असती. चित्रकाराने प्रभावळ, पार्श्वभूमी आणि वस्त्र यांचे रंग आलटूनपालटून वापरले आणि प्रत्येक बुद्धाला शेजाऱ्यापासून सुटं केलं. हा भिंतीचा हिशेब आहे. चीवराचा रंग कोणत्या पट्ट्यात राहावा हे धर्माने सांगितलं. त्या पट्ट्यात कुठली छटा कुठे बसवायची हे चित्रकाराने ठरवलं.

आता साहित्य. अजिंठ्याची भिंत ओल्या चुन्यावर रंगवलेली नाही. कातळावर छिन्नीचे खडबडीत घाव तसेच ठेवून त्यावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू. वर बारीक मातीचा दुसरा थर, त्यावर पांढरा पातळ हात. तो वाळल्यावर तांबड्या रेघेने आखणी, मग डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, आणि शेवटी पुन्हा रेघ. रंगही मोजकेच. तांबडा गेरू, पिवडी, काजळीचा काळा, चुना, जिप्सम आणि पांढऱ्या मातीचा पांढरा, आणि हिरवी माती. ही हिरवी माती दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत सापडते. सह्याद्रीच्या घाटात दगड फुटलेला असतो तिथे हिरवट कवच दिसतं, तीच. इतकं सगळं आसपासच्या जमिनीतून येतं.

बाहेरून येणारा रंग एकच. निळा. हा लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला दगड. दहाव्या लेण्याच्या सर्वांत जुन्या चित्रांत तो नाही. पाचव्या शतकातल्या लेण्यांत तो दिसू लागतो. व्यापारी मार्गांनी शेकडो मैल चालून आलेला, सर्वांत महाग रंग. तो कुठे लावलाय हे शोधत आम्ही पहिल्या आणि सतराव्या लेण्यात फिरलो. छतावरच्या फुलांत आहे, दागिन्यांच्या खड्यांत आहे, वस्त्रांच्या पट्ट्यांत आहे, पार्श्वभूमीच्या तुकड्यांत आहे. चीवरावर तो मला कुठेही दिसला नाही. विनयाने निव्वळ निळं चीवर नाकारलं होतं आणि चित्रकाराने ते भिंतीवरही नाकारलेलं दिसतं.

राजाच्या मुकुटाला बदख्शानचा दगड आणि बुद्धांच्या अंगावर वाघोऱ्याच्या काठची माती. ज्या पिवळ्या मातीने कापड रंगवायला महावग्गाने मनाई केली, तीच भिंतीवर चीवर झाली. कापडाला ती वाईट दिसत होती कारण ती तंतूत मुरत नाही, वर बसते आणि पोपडे धरते. भिंतीवर तिचा हाच गुण उपयोगी पडतो. ती वर बसते, आणि उन्हापावसापासून लपलेली असली तर शतकानुशतकं बसून राहते. पळसाच्या फुलांचा रंग वर्षा-दोन वर्षांत उडाला असता. पाचव्या शतकातल्या खऱ्या चीवराचा धागाही इथे उरला नाही, पण त्याचं मातीचं रूप आपल्यासमोर आहे.

सतराव्या लेण्याच्या अंतराळात सर थबकले. गाभाऱ्याच्या दाराशेजारच्या भिंतीवर बुद्ध कपिलवस्तूला परत आले आहेत. हातात भिक्षापात्र. समोर यशोधरा राहुलला पुढे करतेय. बुद्धांची आकृती भिंतभर उंच, मायलेकरं त्यांच्या पायांशी इवलीशी. यशोधरेच्या अंगावर दागिने आहेत, वस्त्राची कलाकुसर आहे. बुद्धांच्या अंगावर एकच तांबूस-तपकिरी विस्तार. सरांनी वही उघडली आणि पहारेकऱ्याला विचारून, भिंतीपासून लांब, कठड्याबाहेर उभं राहून ती डोळ्यांसमोर धरली. पिवडीचा कच्चा पट्टा फार उजळ होता. पुरता भाजलेला जास्त लाल. अर्धवट भाजलेल्या पट्ट्याच्या जवळपास, काजळीचा अंश घातला तर, ते चीवर येत होतं. लेण्यातला मंद दिवा, दीड हजार वर्षांचा धूर आणि आमची दोघांची थकलेली नजर लक्षात घेता हा पुरावा नाही, हे सरांनी स्वतःच सांगितलं. पण एक गोष्ट त्यांनी ठाम सांगितली. चीवराच्या पृष्ठावर रंगाची जाडी सारखी नाही. खांद्यावर आणि गुडघ्यावर तो पातळ होतो, काखेच्या आणि कमरेच्या बाजूला दाट. सर्वांत स्वस्त रंग घेऊन त्यावर सर्वांत जास्त वेळ घालवलाय. चित्रकलेवरच्या जुन्या चित्रसूत्रात म्हटलंय की आचार्य रेघेची वाखाणणी करतात आणि सामान्य माणसं रंगाच्या श्रीमंतीची. या भिंतीवर दोघांनाही आपापलं मिळतं.

सोळाव्या लेण्यातली नंदाची कथा मला चीवराच्या दृष्टीने सर्वांत चटका लावणारी वाटली. नंद हा बुद्धांचा सावत्र भाऊ. लग्नाची हळद उतरली नव्हती आणि त्याची प्रव्रज्या झाली. अश्वघोषाच्या 'सौंदरनंद' काव्याचा हाच विषय. भिंतीवर त्याचं मुंडन होतंय, तो खिन्न बसलाय, पण चित्रं फार झिजली आहेत. ज्या प्रसंगापुढे सगळे थांबतात तो पलीकडचा: सुंदरी कोसळली आहे, दासी तिला सावरत आहेत, आणि एक सेवक नंदाचा मुकुट हातात धरून उभा आहे. 'मरणासन्न राजकन्या' म्हणून हे चित्र जगभर छापलं जातं. नवऱ्याने चीवर घेतलं हे तिला चीवर न दाखवता कळतं. मुकुट रिकामा परत आलाय.

या सगळ्या रंगांबद्दल एक सावधगिरी ठेवावी लागते. आपण आज पाहतो तो रंग पाचव्या शतकातला जसाच्या तसा नाही. १९२०च्या सुमाराला निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटणारे पोपडे त्यांनी जागच्या जागी धरले, हे मोठं काम. पण चित्रांवर लाखेचा लेप दिला आणि तो लेप काळाने पिवळट, काळसर होत गेला. लेप पिवळा पडला की पांढुरकं चीवर केशरी दिसतं आणि पिवळं चीवर तपकिरी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ कित्येक वर्षं हा थर आणि त्याखालची काजळी इंच-इंच काढतायत. साफ केलेला चौकोन आणि शेजारचा न साफ केलेला भाग यांच्यात चीवराची छटा किती बदलते हे एकाच भिंतीवर पाहायला मिळतं. पुस्तकं वाचून चीवराचा रंग ठरवणाऱ्याने ही भिंत एकदा डोळ्यांनी पाहावी.

प्रतिकृतींचीही तीच अडचण. रॉबर्ट गिलने १८४४पासून वर्षानुवर्षं इथे राहून केलेल्या नकला १८६६ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयातले पेस्तनजी बोमनजी आणि इतर विद्यार्थी घेऊन १८७२ ते १८८५ या काळात नव्याने काम केलं. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ला लंडनमध्ये आगीत गेल्या. १९०९पासूनच्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्या हाताखाली नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार होते. प्रत्येकाने आपापल्या माध्यमात चीवर रंगवलं. तेलरंगातलं चीवर चकाकतं. भिंतीवरचं चकाकत नाही.

संन्याशाचं वस्त्र कोणत्या रंगात रंगवायचं हा पेच युरोपातल्या चित्रकारांनाही पडला होता. फ्रान्सिस ऑफ असिसीच्या पंथाने न रंगवलेल्या लोकरीचं वस्त्र घेतलं. मेंढीच्या अंगावर जी छटा असेल ती, राखाडीपासून मातकटापर्यंत. इंग्लंडात त्यांना राखाडी वस्त्रांचे साधू म्हणत. आज त्यांचं वस्त्र तपकिरी म्हणून ओळखलं जातं. डॉमिनिकन पांढऱ्या अंगरख्यावर काळा झगा घालत. फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात भिंती रंगवणारा फ्रा अँजेलिको स्वतः डॉमिनिकन होता, म्हणजे तो आपलंच वस्त्र रंगवत होता. सपाट काळ्यावर चुण्या दिसत नाहीत, म्हणून काळ्यात इतर छटा मिसळाव्या लागतात. आणि तिथेही सर्वांत महाग निळा, त्याच बदख्शानच्या दगडातून घोटलेला, संन्याशांच्या वाट्याला न येता मारियेच्या झग्याला गेला. एवढं पाहायला मराठी माणसाला फ्लॉरेन्सला जायची गरज नाही. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या वेदीच्या दोन्ही अंगांना लाकडी फळ्यांवर फ्रान्सिसचं चरित्र रंगवलेलं आहे. खडबडीत लोकर आणि कमरेचा दोर तिथे जवळून पाहता येतो.

दुपारी आम्ही पुन्हा सतराव्यात आलो, कारण सकाळी गर्दीत दाराची चौकट नीट पाहायची राहिली होती. मुख्य दाराच्या वर आठ आकृत्या एका ओळीत बसल्या आहेत आणि त्यांच्या खाली आठ युगुलं. आठांपैकी सात मानुषी बुद्ध: विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप आणि शाक्यमुनी. आठवा मैत्रेय, जो अजून यायचा आहे. बाविसाव्या लेण्यातही हीच मालिका आहे, तिथे नावंसुद्धा लिहिली आहेत. सातव्यापर्यंत सगळ्यांच्या अंगावर चीवर. अंगकांती वेगवेगळी, कुणी सावळा, कुणी गोरा, चीवराच्या छटाही एकसारख्या नाहीत. आठव्याच्या डोक्यावर मुकुट आहे, गळ्यात अलंकार. त्याने अजून घर सोडलेलं नाही, म्हणून त्याला चीवर नाही.

सरांनी वहीच्या त्याच पानावर पट्ट्यांखाली आठ छोटे चौकोन आखले. सातांत त्यांनी शिसपेन्सिलीने खुणा केल्या, कुठे कच्ची पिवडी, कुठे अर्धी भाजलेली, कुठे गेरू. आठव्याला काय लिहावं यावर आमची चर्चा बस सुटेपर्यंत चालली होती, आणि फर्दापूरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी तिथे 'मुकुट' असं लिहिलं.